चूक सहकाऱ्यांची, कसोटी प्रमुखाची

आपल्या हाताखाली चार माणसे काम करीत असतील, तर हा प्रसंग आपल्यावरही आला असेल. आपले मत वेगळे होते. सहकाऱ्यांच्या आग्रहास्तव त्यांचे ऐकले आणि काम फसले. अशा वेळी यापुढे कोणालाही विचारायचे नाही, असा निश्चय मनात होतो. हा निश्चय योग्य आहे काय?

उहुदचा प्रसंग आठवा. हिजरी सन 3 मध्ये मक्केचे सैन्य चालून आले, तेव्हा मदीनेतच राहून प्रतिकार करावा, असे प्रेषित मुहम्मद (स.) यांचे मत होते. उत्साही तरुणांना बाहेर पडून लढायचे होते. प्रेषितांनी (स.) त्यांचे म्हणणे स्वीकारले. पुढे टेकडीवर नेमलेल्या 50 तिरंदाजांपैकी बहुतेकांनी, विजय झाला असे समजून, आज्ञा मोडून जागा सोडली. पारडे फिरले. सुमारे 70 सहाबा शहीद झाले, स्वतः प्रेषित (स.) जखमी झाले.

यानंतर सूरह आलि इम्रानची 159 वी आयत अवतरली. सल्लामसलत बंद करा, असा आदेश तिच्यात नाही. त्यांना क्षमा करा, त्यांच्यासाठी क्षमायाचना करा आणि कामकाजात त्यांचा सल्ला घ्या, असा आहे. स्वभावात कठोरता असती तर लोक पांगले असते, हेही तीच आयत सांगते. म्हणजे शूराचे मोल एखाद्या वेळच्या यशापयशावर ठरत नाही.

कोणी म्हणेल, अशा क्षमेने शिस्त बिघडेल. परंतु याच सूरहच्या 152 व्या आयतीत आज्ञाभंगाची चूक स्पष्ट शब्दांत दाखवली आहे. क्षमा म्हणजे चुकीवर पांघरूण घालणे नव्हे. शिवाय प्रामाणिक मत देणे वेगळे आणि ठरलेली जबाबदारी सोडणे वेगळे. आपण अनेकदा दुसऱ्या चुकीचा राग पहिल्यावर काढतो. मग बैठकीत सारे माना डोलावतात आणि खरे कोणीच बोलत नाही. मात्र एक मर्यादा लक्षात ठेवावी. आपल्याला झालेला त्रास आपण माफ करू शकतो. एखाद्या कामगाराची मजुरी बुडाली असेल, तर ती भरून देणेच आवश्यक आहे.

प्रत्येक जण राखणदार आहे आणि त्याला आपल्या कळपाविषयी जाब द्यावा लागेल, ही प्रेषितांची (स.) शिकवण आहे. तेव्हा उद्या कामावर गेल्यावर, ज्याचा सल्ला चुकला होता, त्यालाच पुन्हा विचारण्याचे धैर्य आपल्यात आहे काय? अल्लाह आपणा सर्वांना ते सामर्थ्य देवो. आमीन.