ताप नसलेला संसर्ग

"ताप अजिबात नाही डॉक्टर, फक्त झोप उलटीपालटी झाली आहे, मधूनच असंबद्ध बोलतात." लिव्हर सिरॉसिसच्या रुग्णाबद्दल घरचे असं सांगतात, तेव्हा ताप नाही याचा त्यांना धीर वाटतो. माझ्या मते काळजी करायची ती असंबद्ध बोलण्याची.

आतड्यांतलं रक्त हृदयाकडे जाण्याआधी पोर्टल शिरेतून यकृतात येतं. त्याबरोबर झिरपलेले जीवाणू यकृतातल्या कुप्फर पेशी गिळून टाकतात. सिरॉसिसमध्ये यकृत तंतूंनी घट्ट होतं, शिरेतला दाब चढतो, आणि नाका चुकवून आडवाटेने जाणाऱ्या गाड्यांसारखं बरंचसं रक्त यकृताला वळसा घालून निघून जातं. जलोदराच्या, म्हणजे पोटात साठलेल्या, पाण्यात जंतूंशी लढणारी प्रथिनंही कमीच, कारण तीही यकृतच बनवतं. मग आतड्याला कुठे भोक न पडताही ते पाणी दूषित होतं. बहुधा ई. कोलाय किंवा क्लेबसिएला सापडतात.

खरी मेख पुढेच आहे. संसर्गाच्या खुणाही याच यकृताच्या हाती. संसर्गात रक्तात वाढणारं सीआरपी हे प्रथिन तिथेच तयार होतं, म्हणून यकृत थकलं की ते हवं तितकं वाढत नाही. फुगलेली प्लीहा पांढऱ्या पेशी अडवून ठेवते. एरवी 3,000 असणाऱ्या रुग्णाच्या पेशी 7,000 झाल्या, तर रिपोर्ट त्यांना नॉर्मलच म्हणणार! अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरांसाठी दिलेल्या बीटा ब्लॉकरमुळे नाडीही फारशी वाढत नाही. उरते ती गुंगी, घटलेली लघवी, अचानक वाढलेली कावीळ.

म्हणूनच जलोदराचा रुग्ण कोणत्याही कारणाने दाखल झाला, तरी सुईने थोडं पाणी काढून तपासावं, असं मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. एका घन मिलिमीटरला 250 किंवा अधिक न्यूट्रोफिल (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) दिसले, की कल्चरची वाट न पाहता अँटिबायोटिक सुरू करायचं. कोणतं, हे मात्र डॉक्टरांनीच ठरवावं. आपल्याकडे औषधांना न जुमानणारे जंतू फार आहेत. सोबत शिरेतून अल्ब्युमिन. स्पेनमधल्या 1999 च्या अभ्यासात त्यामुळे मूत्रपिंड बिघडण्याचं प्रमाण 33 टक्क्यांवरून 10 टक्क्यांवर आलं.

"रक्त गोठत नाही, सुई कशी टोचायची?" ही भीती मी समजू शकतो. पण या तपासणीत मोठा रक्तस्राव क्वचितच होतो. प्लाझ्मा चढवून आकडे सुधारेपर्यंत थांबण्याची सहसा गरजच नसते, आणि तेवढ्या तासांत संसर्गाचा फटका मूत्रपिंडाला बसलेला असू शकतो.