हो की नाही?

दिवाळी सरली की गोंदिया जिल्ह्यात मंडया, म्हणजे गावोगावच्या जत्रा, सुरू होतात. ज्या गावात मंडई, तिथे रात्री नाटक नाहीतर दंडार. पाहुणे येतात, सोयरिकी जुळतात, आणि मंडपात बसायच्या जागेवरून किंवा जुन्या खुन्नशीवरून दोन टोळकी एकमेकांच्या अंगावर जातात. एखाद्याचं डोकं फुटतं, टाके पडतात, ठाण्यात गुन्हा दाखल होतो. पुढे दोन्हीकडचे वडीलधारे बसून मिटवतात, कोर्टात तडजोडीचा अर्ज जातो. मारहाण किरकोळ असेल तर कायद्याच्या लेखी अशा तडजोडीचा परिणाम निर्दोष सुटण्यासारखाच असतो. पुढची मंडई येईपर्यंत गाव सगळं विसरलेलं असतं.

कागद विसरत नाही. त्यातलाच एक मुलगा दोन वर्षं पहाटे उठून डांबरी रस्त्यावर धावतो. गोंदियातल्या राज्य राखीव पोलीस बलाच्या १५ क्रमांकाच्या गटात भरतीला उतरतो, मैदानी आणि लेखी दोन्ही काढतो. मग हातात साक्षांकन नमुना पडतो. कधी अटक झाली होती का? कधी खटला भरला गेला का? कधी शिक्षा झाली का? पुढे हो किंवा नाही. खोटी माहिती दिल्यास अपात्र, ही ताकीदही छापलेली. ‘हो’ लिहावं तर नोकरी हातची जाण्याची धास्ती, ‘नाही’ लिहावं तर लबाडी.

शिक्षेला शेवटची तारीख असते, नोंदीला का नसावी? प्रश्न साधा दिसतो, पण तो पडायलाच आपल्याकडे बराच काळ गेला. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने तर हातून काही घडायच्या आधीच नोंद करून ठेवली होती. जन्माला आलात की नाव रजिस्टरात, हजेरी ठाण्यात. सोलापुरात तारेच्या कुंपणाआड वसवलेल्या वस्तीला लोक अजूनही ‘सेटलमेंट’ म्हणतात. ३१ ऑगस्ट १९५२ ला या जमाती ‘विमुक्त’ झाल्या. पण सराईत गुन्हेगारांसाठीचे कायदे पाठोपाठ आले, मुंबई राज्याचा १९५९ मध्ये, आणि पोलिसांची नजर जुन्याच वस्त्यांकडे वळत राहिली. कायदा गेल्यावरही शिक्का कसा उरतो हे ज्याला पाहायचं असेल त्याने लक्ष्मण गायकवाडांचं ‘उचल्या’ वाचावं. ते आलं १९८७ मध्ये, म्हणजे मुक्तीनंतर पस्तीस वर्षांनी.

उलट दिशेचा विचारही याच मातीत झाला. औंध संस्थानाने १९३९ मध्ये आटपाडीजवळ स्वतंत्रपूरची खुली वसाहत काढली. भिंतीशिवाय कैदी. मॉरिस फ्रिडमन हा पोलिश इंजिनिअर त्यामागे होता, राजे भवानराव पंतप्रतिनिधी पाठीशी होते. ग. दि. माडगूळकरांनी त्यावर कथा लिहिली आणि १९५७ मध्ये शांतारामबापूंनी पडद्यावर ‘दो आँखें बारह हाथ’ उभा केला. सिनेमा सर्वांना आठवतो. मला त्यात खटकतं ते इतकंच, की माणूस बदलू शकतो हे तो पटवून देतो, पण बदललेल्या माणसाच्या कागदाचं काय करायचं, तिथवर तो जात नाही.

ते काम १९५८ च्या परिवीक्षा कायद्याच्या कलम १२ ने करून पाहिलं. न्यायालयाने दोषी ठरवून समज देऊन किंवा चांगल्या वर्तनाच्या हमीवर सोडलं, तर दोषसिद्धीमुळे येणारी अपात्रता त्या माणसाला लागू नये, असं ते कलम म्हणतं. वाचायला छान आहे. पण अपात्रता पुसली म्हणजे दोष पुसला असं नव्हे, तो ज्या वर्तनासाठी लागला त्यावरून खातं कारवाई करू शकतं, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९० मध्ये स्पष्ट केलं. कलम राहिलं, त्याची धार गेली. इंग्लंडने १९७४ मध्ये वेगळी वाट धरली. ठरावीक वर्षं सरळ गेली की छोटी शिक्षा ‘खर्ची पडली’ असं मानायचं आणि बहुतेक नोकऱ्यांत ती सांगण्याचं बंधन उरू द्यायचं नाही. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियाने २०१८ मध्ये ठरावीक नोंदी आपोआप मोहोरबंद करण्याचा कायदा केला. अर्ज नको, वकील नको.

आपल्याकडे ही मुभा पूर्णपणे मिळाली ती अल्पवयीनांना. २०१५ च्या बाल न्याय कायद्यात ‘नव्या सुरुवातीचं तत्त्व’ शब्दांत लिहिलेलं आहे. अपवाद सोडता दोषसिद्धीची नोंद ठरल्या मुदतीनंतर नष्ट करायची, आणि निकाली निघालेलं प्रकरण पोलिसांनी चारित्र्याच्या दाखल्यासाठीही उघड करायचं नाही. म्हणजे अठरावा वाढदिवस मंडईच्या आधी पडला की नंतर, यावर सगळं.

अठरा ओलांडलेल्यांना आधार आहे तो निकालांचा. २०११ मध्ये दिल्ली पोलिसांतल्या एका उमेदवाराच्या प्रकरणात न्यायमूर्ती काटजूंनी ह्यूगोच्या कादंबरीतल्या पाव चोरणाऱ्या ज्याँ वालज्याँची आठवण काढली आणि तरुणपणीच्या आगळिकीकडे उदारपणे पाहावं असं म्हटलं. २०१६ च्या अवतार सिंग निकालाने नियम घालून दिले. माहिती खरी द्या. पोरवयातल्या घोषणाबाजीसारखी क्षुल्लक बाब लपवली असेल तर ती माफ करता येईल. पण खरं सांगूनही नेमणूक मिळेलच असं नाही. शेवटचा निर्णय साहेबांचा, आणि साहेब साहेबागणिक वेगळा.

दरम्यान नोंद ठेवण्याची ताकद वाढली. पूर्वी ठाण्यातल्या रजिस्टराला वाळवी लागे. तीही एक माफीच होती म्हणा. आता देशभरातली ठाणी संगणकाने जोडलेली आहेत, आणि २०२२ च्या ओळख कायद्याने बोटांचे ठसे वगैरे मोजमापं ७५ वर्षं जपायची ठरवली आहेत. आधी शिक्षा न झालेला माणूस निर्दोष सुटला तर ती नष्ट करावीत असं त्यातच आहे. एवढं तरी आहे.

सरकारला विसरता येत नाही असं नाही. टाळेबंदी मोडल्याचे कलम १८८ खालचे गुन्हे राज्याने २०२२ मध्ये मागे घ्यायचं ठरवलं, कारण मुलांच्या नोकऱ्या आणि पासपोर्ट अडत होते. देवरी-सालेकसाच्या जंगलात बंदूक घेऊन फिरलेल्या नक्षलवाद्यालाही २००५ पासून आत्मसमर्पण योजना आहे. पैसा, पुनर्वसन, नवं आयुष्य. ती योग्यच आहे, तिच्यावर माझा आक्षेप नाही. पण बंदूक खाली ठेवणाऱ्यासाठी रस्ता आखणाऱ्या राज्याकडे मंडईत काठी उचललेल्या पोरासाठी साधी पायवाट नाही, हे चमत्कारिक आहे.

ज्याचं डोकं फुटलं त्याने का विसरावं, असं कोणी विचारील. त्याने विसरू नये. मोहोरबंद करणं म्हणजे जाळणं नव्हे. कागद न्यायालयाच्या कपाटात राहील, पुन्हा गुन्हा घडला तर उघडेल. लहान मुलांवर अत्याचार केलेल्याला शाळेच्या गाडीवर ड्रायव्हर नेमताना तो उघडलाच पाहिजे. प्रश्न किल्ली कोणाकडे असावी याचा आहे. आज ती भरतीच्या टेबलावर पडलेली असते.

वकील त्या पोराला सांगतात, ‘हो’ लिही आणि निकालाची नक्कल जोड. मग तो कोर्टात जातो, नकलेसाठी अर्ज करतो, फी भरतो, चार खेपा घालतो. शिक्क्याची नक्कल मिळते. भांडण तर गाव कधीच विसरलंय. हा मात्र ती नक्कल दहावीच्या सनदेसोबत प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये घालतो, आणि चार झेरॉक्स जास्तीच्या काढून ठेवतो.