दाखवावे की झाकावे?



वेलीवर नुकताच धरलेला दुधी किंवा भोपळा असेल तर त्याच्याकडे बोट दाखवू नये, नाहीतर तो कुजून गळतो, असे आपल्या घरातली जुनी माणसे सांगत आली आहेत. काही वाड्यांत आजही मांडवाला काळे मडके टांगलेले दिसते. दृष्ट लागू नये म्हणून! त्याच घरात दारावर क्रूस असतो आणि संध्याकाळी रोझरीही होते. यावर आम्ही रागावून बोलणार नाही. पण बोट बिचारे निर्दोष आहे, एवढे सांगितलेच पाहिजे.

भोपळवर्गीय वेलींना नरफुले वेगळी आणि मादीफुले वेगळी. मादीफुलाखाली इवलेसे फळ आधीपासूनच असते. आपल्याला वाटते, फळ धरले. खरे तर परागकण पोहोचल्याशिवाय ते धरलेले नसते. भोपळ्याचे पिवळे फूल सकाळी उमलते, त्याला मधमाशी लागते. दुधीचे पांढरे फूल संध्याकाळी उमलते, त्याच्याकडे रात्रीचे पतंग येतात. सलग चार दिवस पाऊस लागला की यांपैकी कोणीच येत नाही आणि ते इवलेसे फळ पिवळे पडून गळते. नेमके आदल्या दिवशी शेजारीण येऊन गेलेली असते. मग तिच्या बोटावर आळ येतो! अशा वेळी नरफूल तोडून मादीफुलाच्या मध्यभागी हलकेच टेकवावे. ज्यांनी हे केले त्यांना मडके टांगावे लागले नाही.

तरीही या जुन्या समजुतीच्या आत एक खरा प्रश्न दडलेला आहे. २०२०च्या टाळेबंदीपासून आपल्या धर्मग्रामात परसबागेचे वेड पुन्हा आले. ज्यांच्याकडे वाडी उरली आहे त्यांनी वांगी, वाल, मुळा लावला. ज्यांची वाडी इमारतीखाली गेली त्यांनी गच्चीवर पिंपात टोमॅटो लावले. मिस्सा संपली की मोबाईल निघतात. आमची शिराळी बघ, तुझी मेथी उगवली का, कारल्याला फळमाशी लागली काय करू, असे सुरू होते. मागच्या महिन्यात एका मावशीने आम्हाला बाजूला घेऊन विचारले, "फादर, उजव्या हाताचे डाव्याला कळू नये असे प्रभूने सांगितले ना? मग हे सगळे दाखवणे म्हणजे गर्व नाही का?"

मावशींचा प्रश्न उडवून लावण्यासारखा नाही. डोंगरावरील प्रवचनात प्रभू येशू लोकांना दिसावे म्हणून धर्माचरण करू नका असे सांगतो, आणि त्याच प्रवचनात, थोडे आधी, दिवा मापाखाली झाकू नका असेही सांगतो. दोन्ही आज्ञा एकाच तोंडच्या आहेत, तेव्हा त्यांचा मेळ बसवणे आपले काम आहे.

संत थॉमस अक्वायनस यांनी पोकळ बढाईचा विचार करताना एक उपयोगी गोष्ट सांगितली आहे. आपले चांगले इतरांना दिसावे असे वाटणे हे मुळात पाप नव्हे. पाप तेव्हा होते, जेव्हा कौतुकाला पात्र नसलेल्या गोष्टीचे कौतुक आपण मागतो, किंवा ज्याच्या मताला वजन नाही त्याच्या वाहवेसाठी धडपडतो, किंवा ते कौतुक देवाच्या गौरवाकडे वा शेजाऱ्याच्या भल्याकडे न नेता स्वतःपाशीच अडवून ठेवतो. आपल्या दुधीला ही कसोटी लावून बघू. दुधी खराच चांगला आहे, म्हणजे पहिली अडचण नाही. बघणारी शेजारीण चाळीस वर्षे भाजी करते आहे, तिच्या मताला वजन आहे. राहिली तिसरी गोष्ट. तिला दुधी दाखवला, पण बी मागितल्यावर "यंदा बी धरले नाही" म्हणून हात झटकले, तर तिथे कौतुक अडले.

दाखवणाऱ्यापेक्षा बघणाऱ्याची परीक्षा मात्र कठीण असते. मत्सर म्हणजे दुसऱ्याच्या चांगल्याचे दुःख, आणि ते का, तर त्याच्या चांगल्याने आपण लहान झालो असे वाटते म्हणून. संत थॉमस पुढे असेही म्हणतात की फार दूरच्या किंवा फार मोठ्या माणसाचा कोणी मत्सर करत नाही, बरोबरीच्याचाच करतो. हे किती खरे आहे! नाशिकची द्राक्षे परदेशी गेली म्हणून वसईत कोणाची झोप उडत नाही. बांधापलीकडच्या चुलतभावाच्या केळीचा घड मोठा पडला की उडते. पण त्यांनी एक बारीक भेदही केला आहे. "त्याच्याकडे का आहे" हे दुःख वाईट. "माझ्याकडे का नाही" हे दुःख चांगलेही असू शकते, कारण त्यातून माणूस उठून कुदळ हातात घेतो.

पवित्र शास्त्रात भाजीच्या मळ्यावरून खून झाला आहे, हे आपल्यापैकी किती जणांच्या लक्षात आहे? राजांच्या पहिल्या ग्रंथाच्या एकविसाव्या अध्यायात अहाब राजाला नाबोथाचा द्राक्षमळा हवा असतो. कशासाठी? राजवाड्याला लागून आहे म्हणून, तिथे भाजीपाला लावायचा म्हणून. तो योग्य किंमत देऊ करतो, बदल्यात याहून चांगला मळाही देऊ करतो. नाबोथ म्हणतो, ही वाडवडिलांची जमीन आहे, देणार नाही. एवढ्यावर इस्राएलचा राजा घरी येऊन बिछान्यावर पडतो, तोंड फिरवतो आणि जेवत नाही. लहान मुलासारखा! पुढे ईजबेल खोटे साक्षीदार उभे करते आणि नाबोथ दगडांखाली मरतो. अहाबने स्वतः दगड उचलला नव्हता. त्याने फक्त शेजाऱ्याच्या वाडीकडे बघून जेवण टाकले होते. आपल्याकडे बांधावरून आणि विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून सख्खे भाऊ कोर्टात गेले आहेत आणि एकाच मिस्सेला येऊन दोन टोकांना बसतात. त्यांना ही गोष्ट आम्ही वेगळी समजावून सांगायला नको.

आता जरा अवघड जागी येऊ. "ही भाजी आम्ही पिकवली" असे आपण म्हणतो. यातले 'आम्ही' कोण? संत पौल करिंथकरांना सांगतो की कोणी लावले, कोणी पाणी घातले, वाढ मात्र देवाने दिली. मार्कच्या शुभवर्तमानात पेरणारा झोपतो, उठतो, आणि बी कसे वाढते हे त्याला कळतही नाही. हे आपण मान्य करतो, प्रवचनात ऐकून मान डोलावतो. पण देवाच्या आणि आपल्या मध्ये आणखी कोणी होते का? वाफे खणायला, गवत काढायला जी आदिवासी बाई येते ती फोटोत नसते. तिला मजुरी वेळेवर मिळाली का? दुपारी पाणी विचारले का? पुदिना, शेप आणि जिरे यांचा दशांश काटेकोर देणाऱ्यांना प्रभूने हेच सुनावले. जुडी देऊ नका असे तो म्हणाला नाही. जुडी द्याच, पण न्याय आणि दया सोडू नका, असे म्हणाला. चर्चमध्ये अर्पणाला पहिली काकडी आणणारे हात आम्हाला प्रिय आहेत. मजुरीचा हिशेब त्याआधी पुरा करून यावे.

आणखी एक निरीक्षण. आपण भरलेली टोपली दाखवतो, गळलेली फळे दाखवत नाही. त्यामुळे नवीन लावणाऱ्याला वाटते की फक्त त्याच्याच वालाला मावा पडतो, फक्त त्याचीच काकडी कडू निघते. काकडी कडू होते ती बहुधा पाण्याचा ताण पडल्याने किंवा उन्हाच्या तडाख्याने, आणि हे ज्याची कडू झाली त्यालाच नीट सांगता येते. एका काकांनी परवा सर्वांसमोर सांगितले की त्यांच्या विहिरीचे पाणी मचूळ झाल्यापासून तीन वर्षे मेथी नीट उगवलीच नाही. क्षणभर सगळे गप्प झाले. मग दुसऱ्याने पावसाचे पाणी पिंपात साठवायचे कसे ते सांगितले, तिसरीने विचारले की बावखल बुजवले तेव्हापासूनच का हो? त्या दहा मिनिटांत जेवढे खरे बोलणे झाले तेवढे भरल्या टोपल्यांभोवती कधी झालेले आम्ही ऐकले नाही.

आणि ज्यांच्याकडे काहीच नाही ते? आपल्या धर्मग्रामात भाड्याच्या खोलीत राहणारी कितीतरी कुटुंबे आहेत, त्यांच्याकडे खिडकीची जाळीसुद्धा धड नाही. काही जणांनी आजारपणापायी किंवा मुलीच्या शिक्षणासाठी वाडी विकली आहे. त्यांच्यासमोर वांग्यांचे ढीग दाखवताना जीभ थोडी जपून चालवावी. झाकून मात्र ठेवू नये, कारण झाकलेली भाजी त्यांच्या ताटात जाणार नाही. एका आजीबाईंनी यावर आपल्यापुरता मार्ग काढला आहे. मांडवावरचा तिसरा दुधी त्या तोडतच नाहीत. रस्त्याच्या बाजूला लोंबू देतात, आणि कोणी नेला तर कोणी नेला हे विचारत नाहीत. लोकांनी बोटे दाखवली तरी तो अजून कुजलेला नाही, असे त्या हसून सांगतात.