पोकळ खोड आणि पुरेशी खात्री

जे पूर्णपणे ठाऊक नाही त्याविषयी निर्णय घ्यावा लागणे, ही माणसाच्या नैतिक जीवनातील नित्याची अडचण आहे. तिचे एक बोलके उदाहरण अनेक चर्चच्या आवारांत उभे असते. जुनी चिंच किंवा पर्जन्यवृक्ष. बुंध्याशी उगवलेली कठीण बुरशी. आणि त्याच सावलीत भरणारा मुलांचा धर्मशिक्षणाचा वर्ग. झाड तोडावे की राखावे? धर्मग्राम परिषद तज्ज्ञाला बोलावते आणि त्याच्याकडून एकच शब्द ऐकू इच्छिते : 'पडेल' किंवा 'पडणार नाही'.

प्रामाणिक तज्ज्ञाला तो शब्द देता येत नाही. तो आधी झाड नीट न्याहाळतो, लाकडी हातोडीने खोडावर ठोकून आवाज ऐकतो. शंका वाढली तर बारीक सुई खोडात शिरवून लाकडाचा विरोध आलेखावर नोंदवतो, किंवा खोडाभोवती संवेदक लावून ध्वनीचा वेग मोजतो. सडक्या भागाला वळसा घालून जाताना ध्वनीला अधिक वेळ लागतो. परंतु सुई केवळ तिच्या वाटेपुरते सांगते, ध्वनीचे चित्र केवळ त्या उंचीपुरते. मातीखालची मुळे झाकलेलीच राहतात.

शिवाय पोकळ झाड म्हणजे पडणारे झाड नव्हे. अमेरिकन वनशास्त्रज्ञ अ‍ॅलेक्स शायगो यांनी १९७७ मध्ये दाखवून दिले, की झाडाची जखम आपल्या कातडीप्रमाणे भरून येत नाही. झाड सडलेल्या भागाभोवती भिंती उभारते आणि बाहेरून नवे लाकूड वाढवते. जर्मन शास्त्रज्ञ क्लाउस मात्थेक यांच्या अभ्यासातून आलेला ठोकताळा असा, की निरोगी लाकडाची जाडी खोडाच्या त्रिज्येच्या सुमारे एक तृतीयांशाहून कमी झाली की धोका वाढतो. साठ सेंटिमीटर त्रिज्येच्या खोडाला सुमारे वीस सेंटिमीटर. हाही ठोकताळाच, त्यावर तज्ज्ञांत मतभेद आहेत. आणि तपासणीची सुई झाडाने उभारलेली भिंतच भेदते, सडीला नवी वाट देऊ शकते. म्हणून ज्या चाचणीच्या उत्तराने आपला निर्णय बदलणार नाही, ती न करणेच बरे.

येथे तज्ज्ञापुढे दोन मोह असतात. 'तोडा' म्हटले की कोणी दोष देत नाही. तोडण्याचे कंत्राटही त्याचेच असेल तर लाभही होतो. 'काही होत नाही' म्हटले की लोक खूश होतात. दोन्ही उत्तरांत त्याच्या ज्ञानापेक्षा अधिक खात्री असते, आणि नसलेली खात्री विकणे हे असत्यच होय.

संत थॉमस अक्वायनस यांनी म्हटले आहे, की मानवी व्यवहारात गणितासारखी खात्री मागू नये. बहुतांशी खरी ठरणारी खात्री पुरेशी मानावी. नीतिशास्त्राच्या जुन्या अध्यापकांनी याला एक मर्यादाही घातली. झुडपात हालचाल दिसली, हरीण की माणूस हे कळेना, तर शिकाऱ्याने बाण सोडू नये. दुसऱ्याच्या जिवाचा प्रश्न असेल तेथे अधिक सुरक्षित मार्गच धरावा.

मग प्रत्येक संशयित झाड तोडावे काय? नाही. धोका झाडाच्या दुर्बलतेत जितका, तितकाच त्याखाली कोण बसते यातही असतो. रिकाम्या माळावरचे पोकळ झाड कोणाचा घात करील? वर्ग दुसरीकडे हलवणे, जड फांद्यांचा भार कमी करणे, वादळात वाट बंद ठेवणे, हेही सुरक्षित मार्गच आहेत. ते अपुरे पडतील तेव्हा मात्र, शहरी भागात १९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्यानुसार परवानगी घेऊन, झाड उतरवण्यास कचरू नये. झाडावरची माया मुलाच्या जिवाहून मोठी नाही.

प्रभू येशूच्या दाखल्यातील माळी निष्फळ अंजिरासाठी आणखी एक वर्ष मागतो. फळ येईलच असे वचन तो देत नाही. तो खणण्याचे व खत घालण्याचे कष्ट अंगावर घेतो आणि मुदत ठरवतो. आशेने दिलेली मुदत आणि आळसाने केलेली दिरंगाई यांतील फरक हाच. झाड राखायचे ठरवले, तर पुढची तपासणी कधी व कोणी करायची हे त्याच सभेत लिहून ठेवले पाहिजे.

आपल्याकडूनही काही अपेक्षित आहे. 'एवढे दिसते, यापलीकडे दिसत नाही' असे सांगणाऱ्या तज्ज्ञाला, मग तो झाडाचा असो वा देहाचा, आपण कच्चा समजतो आणि छातीठोक बोलणाऱ्याकडे वळतो. अशाने आपणच त्याला खोटे बोलायला शिकवतो. यंत्र आलेख देईल, तज्ज्ञ त्याचा अर्थ सांगेल. सावलीत कोणाला बसू द्यायचे, हे मात्र आपल्यालाच ठरवायचे आहे आणि त्याचे उत्तर देवापुढे आपल्यालाच द्यायचे आहे.