मुक्त भांडार आणि सकळ लिपी

‘मुक्त प्रवेश’ या शब्दसंहतीतील ‘मुक्त’ हे विशेषण नेमके कोणाचे, हा प्रश्न सहसा उपस्थित केला जात नाही. संहिता मुक्त होते, वाचक मुक्त होतो, की संहितेवर ज्याचा ताबा आहे तो आपल्या ताब्यातून मुक्त होतो? फेब्रुवारी २००२ मध्ये बुडापेस्ट येथून प्रसृत झालेल्या जाहीरनाम्याने या प्रश्नाला एक सरळ उत्तर दिले होते. संशोधनपर लेखन कोणालाही विनामूल्य वाचता यावे, उतरवून घेता यावे, इतरांना देता यावे. वाटेत किंमत आणि परवानगी असे जे दोन अडसर आहेत ते दूर झाले की लेखन मुक्त झाले. त्याच वर्षी बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेने आपल्या संशोधकांच्या लेखनाचे खुले भांडार सुरू केले. पुढे २००९ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने पीएच.डी. विषयक नियमावलीत प्रबंधाची विद्युत्-प्रत सादर करणे बंधनकारक केले आणि गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राने उभारलेल्या ‘शोधगंगा’ या भांडाराकडे देशभरातील विद्यापीठांचे प्रबंध वाहू लागले. आज तेथे पाच लाखांहून अधिक प्रबंध आहेत. अडसर दूर झाले, एवढे निश्चित. प्रश्न आहे तो अडसर दूर होणे आणि मुक्त होणे या दोन क्रिया एकच आहेत काय, हा.

या बदलाने विद्यापीठाच्या आवारात ग्रंथालयाचे स्थान पालटले. पूर्वी प्रबंध ग्रंथालयात येई तो सगळे संपल्यावर. मौखिक परीक्षा झालेली, अधिसूचना निघालेली, सोनेरी अक्षरांची बांधीव प्रत एका वेगळ्या कपाटात ठेवायची आणि विभागप्रमुखांचे पत्र आणणाऱ्याला तेथेच बसून वाचू द्यायची, एवढेच ग्रंथपालाचे काम असे. त्याला कोणाशी बोलावे लागत नव्हते. भांडारात प्रबंध घालायचा तर मात्र संशोधकाचे संमतिपत्र हवे, मार्गदर्शकाची स्वाक्षरी हवी, परीक्षा विभागाकडून अंतिम प्रतीची खात्री हवी आणि विषयाचे वर्णन करायला विभागातील जाणकार हवा. ग्रंथालयशास्त्र याला ‘भागीदारी’ म्हणते आणि बहुधा तिचे मोजमाप ग्रंथालयाच्या वाढलेल्या महत्त्वाच्या परिभाषेत करते. हे समजण्यासारखे आहे. दीर्घकाळ कोपऱ्यात उभ्या राहिलेल्या व्यवसायाला मध्यभागी बोलावले गेल्यावर थोडा आनंद होणारच. महाराष्ट्राच्या २०१६ च्या विद्यापीठ अधिनियमाने तर ग्रंथालयाला ‘ज्ञान स्रोत केंद्र’ केले. (कोठाराला उगमाचे नाव देण्यातला भाषिक उत्साह येथे सोडून देऊ.) परंतु ही भागीदारी केवळ कार्यालयीन सोय आहे, की संहिता मुक्त करण्याच्या कल्पनेतच ती अंतर्भूत आहे, हा तात्त्विक प्रश्न तसाच राहतो.

जाक देरिदा यांनी १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभिलेखागारविषयक निबंधाचा आरंभ ‘आर्काइव्ह’ या शब्दाच्या मुळापासून केला होता. ग्रीक ‘आर्खेइऑन’ म्हणजे राज्याधिकाऱ्याचे निवासस्थान; तेथे दस्तऐवज ठेवले जात आणि त्यांच्या रक्षणाबरोबर त्यांचा अर्थ लावण्याचा अधिकारही त्या घराच्या धन्याकडे असे. भांडार ही प्रथम एक वास्तू, आणि वास्तू आहे तेथे किल्ली आहे. मुक्त भांडाराचा दावा असा की येथे कुलूपच नाही. या दाव्याची परीक्षा करायला ग्रीसपेक्षा जवळचे एक उदाहरण मराठीपाशी आहे.

महानुभाव पंथाने आपले वाङ्मय सांकेतिक लिप्यांत बांधून ठेवले. चौदाव्या शतकात सकळ लिपी प्रचारात आली, पुढे सुंदरी आणि इतर लिप्या आल्या. रचना गुंतागुंतीची नव्हती: एका अक्षराच्या जागी दुसरे अक्षर, आणि त्यांचा कोष्टक-क्रम गुरूकडून शिष्याकडे. परिणाम मात्र दूरगामी झाला. म्हाइंभटांचे ‘लीळाचरित्र’, जे आज मराठी गद्याचा आरंभग्रंथ म्हणून प्रत्येक पदव्युत्तर विद्यार्थ्याच्या अभ्यासक्रमात असते, ते पंथाबाहेरच्या मराठी वाचकाच्या दृष्टीने काही शतके अस्तित्वातच नव्हते. पोथी डोळ्यांपुढे असली तरी ती वाचता येत नसे. विसाव्या शतकाच्या आरंभी वि. का. राजवाडे यांनी सकळ लिपीचा उलगडा केला. पाठोपाठ यवतमाळचे य. खु. देशपांडे, नागपूरचे ह. ना. नेने आणि वि. भि. कोलते अशा विदर्भातील अभ्यासकांनी हे वाङ्मय संपादून, त्याचा इतिहास लिहून मराठी वाचकांपुढे आणले. यात एक गोष्ट दृष्टीआड होते. लिपी उकलली म्हणून वाङ्मय आपोआप बाहेर आले नाही. पंथातील काही महंतांनी पोथ्या पुढे केल्या, शब्दांचे पंथीय अर्थ सांगितले. कोष्टक बुद्धीने सोडवता येते. पोथी मात्र कोणीतरी विश्वासाने हातात द्यावी लागते.

आता शोधगंगेकडे वळावे. एखादा मराठी प्रबंध तेथे उघडला आणि त्यातील वाक्य शोधायचा प्रयत्न केला, तर पुष्कळदा काहीच सापडत नाही. कारण साधे आहे. युनिकोडच्या १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासून देवनागरीला स्थान असले, तरी मराठी टंकलेखन त्यानंतरही दीर्घकाळ श्रीलिपी, आकृती, कृतिदेव अशा टंकांत होत राहिले. या टंकांत पडद्यावर दिसते देवनागरी, पण संगणकाच्या स्मृतीत असते ते रोमन अक्षरांचे व चिन्हांचे एक निरर्थक जुळणे. आणि प्रत्येक टंकाचे कोष्टक निराळे. मजकूर उचलून दुसरीकडे ठेवला की देवनागरी विरते आणि खालचा संकेत उघडा पडतो. जे प्रबंध छापील प्रतीवरून छायांकित झाले आहेत, ते तर निव्वळ चित्र असतात. त्यात नोंदी पुष्कळदा रोमन लिपीत केलेल्या. ‘लीळाचरित्र’ या शब्दातला ‘ळ’ रोमन लिपीला ठाऊक नाही आणि दीर्घ ‘ली’ प्रत्येकजण आपल्या मनाने लिहितो. त्यामुळे एकाच ग्रंथावरचे प्रबंध निरनिराळ्या वर्णक्रमांत विखुरतात. मुक्त प्रवेशाच्या युगात, कोणाचाही तसा हेतू नसताना, एक नवी सकळ लिपी निर्माण झाली आहे.

दोन्हींतील भेद मात्र नैतिकदृष्ट्या महत्त्वाचा आहे. पंथाच्या लिपीला हेतू होता. जे पवित्र आहे ते अपात्र हाती पडू नये, आक्रमणाच्या काळात टिकावे, ही त्यामागची भूमिका पटो वा न पटो, ती भूमिका होती आणि तिची जबाबदारी घेणारे लोक होते. नव्या लिपीला हेतू नाही, म्हणून तिला जबाबदार कोणी नाही. टंकलेखकाने त्याच्याजवळचा टंक वापरला, संशोधकाने सीडी दिली, ग्रंथालयाने ती चढवली, आयोगाचा नियम पाळला गेला. प्रत्येकाने आपापले काम केले आणि संहिता बंद राहिली.

या बंदपणाची किंमत सगळ्यांना सारखी पडत नाही. नांदुरा तालुक्यातील वडनेर भोलजी हे महामार्गावरचे गाव घ्यावे. तेथे राहून मराठीत एम.ए. करणाऱ्या विद्यार्थ्याचे विद्यापीठ अमरावतीला. वऱ्हाडी बोलीवरचा किंवा महानुभाव गद्यावरचा एखादा प्रबंध पाहायचा तर पूर्वी तिकडे जाऊन, पत्र दाखवून, दिवसभर बसून टिपणे काढावी लागत. मुक्त भांडार हे खरोखर या विद्यार्थ्यासाठी आहे. महानगरातल्या प्राध्यापकाची त्याच्यावाचून फारशी अडचण नव्हती. आणि नेमके याच विद्यार्थ्याजवळ ते आडवळणाचे ज्ञान नसते की अमुक प्रबंध अमुक वर्णक्रमाने शोधावा, अमुक टंक बसवून मजकूर पालटून घ्यावा. जो आधीच आत आहे त्याला किल्ली कोठे ठेवली आहे ते माहीत असते. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये मांडलेल्या पाच सूत्रांपैकी पहिले, ग्रंथ वापरासाठी आहेत हे, येथे शब्दशः मोडते. दार सताड उघडे असूनही मोडते.

म्हणून मुक्तता हा संहितेचा गुणधर्म नसून तो माणसांमधील एक संबंध आहे, असे म्हणणे भाग पडते. ग्रंथपाल एकटा प्रबंध मुक्त करू शकत नाही. मराठी विभागातील कोणीतरी पारिभाषिक शब्द देवनागरीत द्यावे लागतात, संगणकशास्त्रातील कोणीतरी जुन्या टंकाचे कोष्टक युनिकोडमध्ये उतरवावे लागते, संशोधकाने मूळ धारिका शोधून द्यावी लागते. संहितेच्या किल्लीचे तुकडे वेगवेगळ्या हातांत आहेत. ते एकत्र आणणे ही मुक्ततेच्या कल्पनेतूनच निघणारी जबाबदारी आहे.

परंतु संबंध म्हटला की नकाराचा अधिकारही आला, आणि येथे प्रश्न अवघड होतो. कोलते यांचा जन्म याच बुलढाणा जिल्ह्यातील नरवेलचा. त्यांनी संपादिलेले ‘लीळाचरित्र’ महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने १९७८ मध्ये प्रसिद्ध केले, तेव्हा पंथीयांतून त्यावर तीव्र आक्षेप घेतला गेला. संशोधकाच्या दृष्टीने ती पाठचिकित्सा होती. श्रद्धाळूच्या दृष्टीने आपल्या घरातील गोष्ट न विचारता चौकात मांडली गेली होती. या वादात ‘ज्ञान मुक्त असावे’ हे वाक्य उच्चारून मोकळे होता येत नाही. ज्यांनी पोथ्या जपल्या त्यांचे त्या पोथ्यांशी काही नाते उरते की नाही? उरत असेल, तर ते कोठपर्यंत?

येथे एक भेद करावा लागतो. आवारातही प्रबंध रोखून धरण्याचे प्रकार घडतात. मार्गदर्शकाला वाटते, उणिवा उघड होतील. संशोधकाला वाटते, कोणी उचलेल. कधी प्रबंधातच दुसऱ्याचे काही उचललेले असते आणि तो अंधारात राहिलेला बरा असतो. हा नकार आणि महानुभाव साधूचा नकार एका पंक्तीत बसवता येणार नाहीत. पहिल्यात राखायची आहे ती स्वतःची प्रतिष्ठा, आणि ज्या विद्येने पदवी दिली तिचाच हिशेब टाळायचा आहे. दुसऱ्यात ज्याच्याविषयी लिहिले गेले तो बोलतो आहे. पदवी घेणाऱ्याला लपण्याचा अधिकार नाही. ज्याच्या जगण्यातून प्रबंध उभा राहिला त्याला निदान विचारले जाण्याचा अधिकार आहे. विचारले जाणे म्हणजे अंतिम शब्द मिळणे नव्हे. ‘लीळाचरित्र’ पुन्हा कुलपात जावे, असे कोणी वाङ्मयाभ्यासक म्हणणार नाही. तरीही विचारणे आणि न विचारणे यांत भेद आहेच, आणि प्रचलित संमतिपत्रावर विचारले जाते ते फक्त संशोधकाला.

मराठीतील प्रबंधांच्या परिशिष्टांत हा प्रश्न साठून राहिला आहे. लोकसाहित्यावर किंवा बोलीवर लिहिलेल्या प्रबंधाच्या शेवटी जात्यावरच्या ओव्या, कहाण्या, उखाणे, शब्दसूची असते. वडनेर भोलजीसारख्या गावातील एखाद्या वृद्धेने सांगितलेल्या पन्नास ओव्या जेव्हा भांडारात जातात, तेव्हा लेखक म्हणून नोंद होते ती संशोधकाची. लेखकाच्या मृत्यूचा सिद्धान्त मराठी समीक्षेत बराच चर्चिला गेला; या वृद्धेला मृत्यूचीही सोय नाही, कारण ती कधी लेखक झालीच नाही. याहून वेगळे करता येते, हे हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी उभारलेल्या ओवीसंग्रहाने दाखवले आहे. एक लाखाहून अधिक ओव्यांच्या त्या संग्रहात गाणारीचे नाव व गाव नोंदले गेले; २०१७ पासून ‘पारी’ या ग्रामीण भारतविषयक संग्रहातून त्या खुल्या होऊ लागल्या, तेव्हा कार्यकर्ते पुन्हा त्या गावांत, त्या बायकांकडे गेले. खुले करणे म्हणजे परत जाणे, हा अर्थ तेथे कृतीत आला.

महानुभाव परंपरेत याचा एक जुना नमुना आहे. ‘लीळाचरित्रा’ची मूळ प्रत धामधुमीत हरवली आणि ते स्मरणातून पुन्हा उभे करावे लागले, असे परंपरा सांगते. तेव्हा एकाच लीळेची निरनिराळी स्मरणे पुढे आली. ती एकजीव करून टाकण्याऐवजी पाठभेद ‘वासना’ म्हणून टिपले गेले आणि कोणाचा पाठ तेही सांगितले गेले. हिराइसा या साधिकेच्या नावाचा पाठ त्यामुळे आजही ओळखता येतो. ज्या पंथाने बाहेरच्यांसाठी कुलूप घातले, त्याने आतल्या प्रत्येक स्मरणाऱ्याचे ऋण नावानिशी नोंदवले. आजचे भांडार बाहेरच्यांसाठी कुलूप काढते आणि आतली नावे गाळते. या दोहोंत अधिक मुक्त कोणते, याचे उत्तर वाटते तितके सोपे नाही.

रिद्धपूरला, म्हाइंभटांच्या कर्मभूमीत, आता मराठी भाषेचे विद्यापीठ आले आहे. तेथील, अमरावतीचे किंवा कोणतेही ग्रंथालय आपल्या भांडारात सांगणाऱ्याचे नाव नोंदवू इच्छील, तर त्यासाठी वेगळी प्रणाली लागणार नाही. अशा भांडारांसाठी सर्रास वापरल्या जाणाऱ्या डीस्पेस या प्रणालीच्या नोंदपत्रात लेखक, मार्गदर्शक यांच्याखेरीज ‘अन्य योगदानकर्ता’ असाही एक रकाना आरंभापासून आहे. तो भरायचा तर नावांची वही संशोधकाच्या घरी असते, कोणती ओवी कोणाची हे मार्गदर्शकाला आठवत असते, नोंदपत्र ग्रंथपालापुढे असते. आणि नाव घालायचे की नाही हे त्या वृद्धेला, ती नसल्यास तिच्या लेकीसुनांना, गावी जाऊन विचारावे लागते.