परग्रहाची गोष्ट कोण सांगतो?

विज्ञानपटांची परंपरा साधारणपणे १९०२ पासून मोजली जाते. त्या वर्षी जॉर्ज मेलिएस या फ्रेंच दिग्दर्शकाने चंद्राच्या सफरीवर मूकपट काढला. त्यात तोफेच्या गोळ्यात बसून खगोलशास्त्रज्ञ चंद्रावर उतरतात आणि तिथल्या रहिवाशांना छत्र्यांनी बडवतात. प्रत्येक फटक्यासरशी एकेक रहिवासी धूर होऊन नाहीसा होतो. परतीच्या वेळी त्यांच्यातला एक यानासोबत पृथ्वीवर येतो. त्याला लोकांसमोर मिरवतात, काठीने मारून नाचवतात. त्या काळी पॅरिसमध्ये वसाहतींतून आणलेल्या माणसांची प्रदर्शने भरत असत, त्यामुळे प्रेक्षकांना हे दृश्य अनोळखी नव्हते. मेलिएसने साम्राज्याची थट्टा केली की वाहवा, यावर अभ्यासकांचे एकमत नाही. चंद्राच्या रहिवाशाला मात्र या गोष्टीत स्वतःचे म्हणणे नाही.

एच. जी. वेल्स यांच्या ‘द वॉर ऑफ द वर्ल्ड्स’ (१८९८) या कादंबरीत हीच स्वारी उलटी फिरली होती. मंगळवासी चाल करून येतात आणि जगावर राज्य करणाऱ्या लंडनकरांना पळता भुई थोडी होते. वेल्स पहिल्याच प्रकरणात टास्मानियाच्या मूळ रहिवाशांच्या संहाराची आठवण करून देतात. मंगळावरून आलेले तांबडे तण तर नद्यानाल्यांवर पसरून पाणीच तुंबवते. जेता आपल्यासोबत आपले गवत, आपली झुडपेही आणतो, ही जाण त्या काळी विरळा होती. ब्रिटिश अमदानीत शोभेचे झुडूप म्हणून आलेल्या घाणेरीने सह्याद्रीची राने कशी व्यापली, हे पाहिलेल्या मराठी वाचकाला हे तण वेगळे समजावून सांगावे लागत नाही. या कादंबरीवरच्या १९५३ आणि २००५ च्या गाजलेल्या चित्रपटांत हल्ला अमेरिकेवर होतो. आपणही कधी कुणावर अशीच चाल केली होती, ही कादंबरीतली टोचणी त्यांत बोथट झाली आहे.

ज्यांनी सोसले त्यांनीच गोष्ट सांगितली तर काय घडते, हे ‘गोजिरा’ या जपानी चित्रपटाने दाखवले. अमेरिकेने १ मार्च १९५४ रोजी प्रशांत महासागरातल्या बिकिनी प्रवाळद्वीपावर हायड्रोजन बॉम्बची चाचणी केली. स्फोट १५ मेगाटनांचा झाला, म्हणजे अंदाजाच्या अडीचपट. बिकिनीच्या १६७ रहिवाशांना १९४६ मध्येच तिथून हलवले होते. तो प्रदेश तेव्हा अमेरिकेच्या प्रशासनाखाली होता आणि स्वतःच्या बेटांचे काय व्हावे हे ठरवणे रहिवाशांच्या हाती नव्हते. चाचणीची किरणोत्सारी राख ‘दाइगो फुकुर्यू मारू’ या जपानी मासेमारी बोटीवर पडली. बोटीवर २३ जण होते. त्यांतले बिनतारी यंत्रचालक आइकिची कुबोयामा सप्टेंबरमध्ये वारले.

इशिरो होंडा यांचा ‘गोजिरा’ त्याच वर्षी ३ नोव्हेंबरला प्रदर्शित झाला. त्याची सुरुवातच प्रखर प्रकाशात नाहीशा होणाऱ्या एका बोटीने होते. समुद्रतळाशी राहणारा प्राचीन प्राणी बॉम्बच्या चाचण्यांनी बाहेर हुसकला जातो आणि टोकियो जाळतो. तो खलनायक नाही, तोही चाचण्यांचा बळीच आहे. त्याला मारू शकेल असे अस्त्र शास्त्रज्ञ डॉ. सेरिझावा यांच्याकडे असते, पण ते एकदा वापरले की राज्यकर्ते त्याचीही शर्यत लावतील हे त्यांना कळते. म्हणून ते टिपणे जाळतात, समुद्रात उतरतात आणि अस्त्रासह स्वतःलाही संपवतात. चाचण्या चालूच राहिल्या तर असा दुसरा प्राणी कुठेतरी येईल, ही प्राध्यापक यामाने यांची भीती शेवटी उरते.

१९५६ मध्ये हा चित्रपट अमेरिकेत दाखवताना त्यात रेमंड बर या नटाची नवी दृश्ये घुसवली गेली. टोकियोचा विध्वंस आता एक अमेरिकी वार्ताहर सांगू लागला, आणि चाचण्यांवरचा रोख बराचसा गळून पडला. प्राणी तोच राहिला, जळणारे शहरही तेच राहिले. सांगणारा बदलताच आरोपाचा अपघात झाला. या चित्रप्रकाराच्या इतिहासात याहून बोलका पुरावा सापडणे कठीण आहे.

फ्रँक हर्बर्ट यांच्या ‘ड्यून’ (१९६५) या कादंबरीचेही असेच झाले. ओरेगन किनाऱ्यावर सरकणाऱ्या वाळूच्या टेकड्या गवत लावून थोपवल्या जात होत्या. ते काम पाहताना हर्बर्टना या कादंबरीची कल्पना सुचली. अरॅकिस हा वाळवंटी ग्रह, तिथेच मिळणारा मोलाचा ‘मसाला’, त्यासाठी झुंजणारी घराणी आणि पाण्याचा थेंबन् थेंब जपणारे स्थानिक फ्रेमेन लोक हे सगळे तेलाच्या राजकारणाशी ताडून वाचले जाते. मसाल्यासाठीच युरोपची जहाजे मलबारला आली होती, हेही भारतीय वाचकाला आठवेल. हर्बर्टना तारणहारावर आंधळा विश्वास टाकण्यापासून वाचकाला सावध करायचे होते. डेव्हिड लिंच यांच्या १९८४ च्या चित्रपटात मात्र निवेदन बादशहाच्या मुलीच्या तोंडी आहे आणि शेवटी बाहेरून आलेला नायक पॉल चमत्काराने पाऊस पाडतो. दनी व्हिलनव यांच्या २०२१ च्या चित्रपटात सुरुवातीचे निवेदन चानी या फ्रेमेन तरुणीचे आहे. एक जुलमी गेला, आता पुढचा कोण, असा तिचा प्रश्न आहे. २०२४ च्या दुसऱ्या भागात सारे पॉलपुढे गुडघे टेकतात, तेव्हा चानी पाठ फिरवून निघून जाते.

२००९ हे वर्ष या विषयात फार समृद्ध गेले. नील ब्लोमकँप यांच्या ‘डिस्ट्रिक्ट ९’मध्ये परग्रहवासी जोहान्सबर्गच्या झोपडपट्टीत कोंडलेले आहेत. त्यामागे केप टाउनच्या डिस्ट्रिक्ट सिक्सची आठवण आहे. ती वस्ती १९६६ मध्ये फक्त गोऱ्यांसाठी जाहीर झाली आणि ६०,००० हून अधिक लोकांना तिथून हुसकावण्यात आले. चित्रपटातले नायजेरियन मात्र निव्वळ गुंड आहेत आणि त्यावर नायजेरियाने रास्त हरकत घेतली.

केनियाच्या वनुरी कहियू यांचा त्याच वर्षीचा ‘पुम्झी’ जेमतेम वीस मिनिटांचा आहे. स्वाहिलीत या शब्दाचा अर्थ श्वास. पाण्यासाठी झालेल्या महायुद्धानंतर माणसे बंदिस्त वसाहतीत घाम आणि मूत्र शुद्ध करून पितात. आशा नावाची स्त्री मातीत बी रुजवते, ते रोप घेऊन बाहेर पडते आणि वाळवंटात लावते. आपल्या वाट्याचे पाणी ती त्याला देते आणि स्वतःच्या देहाची सावली त्यावर धरते. केनियात वांगारी माथाई यांनी १९७७ पासून चालवलेल्या वृक्षचळवळीचा वारसा इथे स्पष्ट दिसतो. कहियू यांनी माथाईंवर माहितीपटही केला आहे. इथे वाचवायला बाहेरून कुणी येत नाही.

२००९ च्याच डिसेंबरमध्ये जेम्स कॅमेरॉन यांचा ‘अवतार’ आला आणि हा विषय जगभर पोचला. पँडोरा उपग्रहावर नावी लोकांच्या महावृक्षाखाली मौल्यवान खनिज आहे आणि खाण कंपनीला ते हवे आहे. वृक्ष कोसळतो ते दृश्य अस्सल शोकाचे आहे. कंपनीच्या लेखी झाड आणि झाडातले लोक हा एकच अडथळा आहे, हे चित्रपट अचूक दाखवतो. तरीही निवेदक जेक सली हा माजी सैनिक आहे. काही महिन्यांत तो नावींची विद्या शिकतो, त्यांचा सर्वात अवघड पक्षी माणसाळवतो आणि त्यांचा सेनापती होतो. ज्यांची भूमी, त्यांना लढाईही उसनी घ्यावी लागते. चित्रपटाचा हा दोष किरकोळ नाही.

लोकांनी मात्र चित्रपटातले हवे ते उचलले. फेब्रुवारी २०१० मध्ये पॅलेस्टाइनमधल्या बिलीन गावातले आंदोलक अंगाला निळा रंग फासून मोर्चात उतरले. त्याच महिन्यात ‘सर्व्हायव्हल इंटरनॅशनल’ या आदिवासी हक्क संघटनेने अमेरिकेच्या ‘व्हरायटी’ या नियतकालिकात जाहिरात देऊन कॅमेरॉनना ओडिशातल्या डोंगरिया कोंध आदिवासींना साथ देण्याचे आवाहन केले. त्यांच्या नियमगिरी पर्वतावर बॉक्साइटची खाण होऊ घातली होती. तो माथा नियमराजा या दैवताचा आहे आणि पावसाचे पाणी मुरवून झऱ्यांना पुरवणाराही तोच आहे. धर्म आणि जलशास्त्र तिथे वेगळे काढता येत नाहीत.

नियमगिरीला जेक सली लागला नाही. १८ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने वनहक्क कायद्याच्या आधारे निर्णय ग्रामसभांवर सोपवला. त्या उन्हाळ्यानंतरच्या पावसात १२ गावांत न्यायाधीशांच्या उपस्थितीत सभा झाल्या आणि डोंगराविषयी बायामाणसे स्वतः बोलली. शेवटची सभा १९ ऑगस्टला जरपा गावात झाली. बाराही ठराव खाणीच्या विरोधात होते.