चार मीटरांचे अंतर

फटाक्यांच्या आवाजाची मर्यादा ठरवून देणाऱ्या १९९९ सालच्या केंद्रीय अधिसूचनेत डेसिबलच्या आकड्याइतकाच महत्त्वाचा, परंतु चर्चेत सहसा न येणारा, आणखी एक आकडा आहे. फटाका जेथे फुटतो त्या बिंदूपासून चार मीटर अंतरावर मोजला असता त्याचा आवाज १२५ डेसिबलांहून अधिक भरता कामा नये, असे ती अधिसूचना सांगते. म्हणजे नियम करणाऱ्यांच्या मनश्चक्षूंसमोर जो फटाका होता त्याच्या सभोवार किमान चार मीटर मोकळी भूमी होती, आणि ऐकणारा मनुष्य त्या भूमीच्या पलीकडे उभा होता. कुर्ला पश्चिमेच्या जुन्या चाळींमधून आणि त्यांना बिलगून वाढलेल्या वस्त्यांमधून ज्याने कधी वाट काढली असेल, त्याला हे चार मीटर आणावयाचे कोठून, हा प्रश्न पडल्यावाचून राहणार नाही. तेथे समोरासमोरच्या दोन उंबरठ्यांमध्ये पुष्कळदा इतके अंतर नसते. आणि गल्लीच्या मध्यभागी ठेवलेला सुतळी बॉम्ब अक्षरशः दोन्ही बाजूंच्या स्वयंपाकघरांत फुटतो.

आतषबाजीची कला आपल्याकडे नवी नव्हे. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे क्युरेटर परशुराम कृष्ण गोडे यांनी १४०० ते १९०० या पाच शतकांतील भारतीय आतषबाजीचा इतिहास सांगणारा एक व्यासंगपूर्ण निबंध लिहिला, आणि तो १९५३ साली बंगळूरला प्रसिद्ध झाला. १४४३ साली विजयनगरास आलेला इराणी वकील अब्दुर रझाक महानवमीच्या उत्सवातील दारूकामाची साक्ष देतो; एकनाथमहाराजांनी शके १४९३ मध्ये काशीक्षेत्री पूर्ण केलेल्या ‘रुक्मिणीस्वयंवरा’त तर साक्षात श्रीकृष्णाच्या वऱ्हाडापुढे दारूकाम झालेले आहे. यांहून मनोरम हकिकत पेशव्यांच्या बखरीत आहे. कोट्याचा राजा दिवाळीत नगराबाहेर दारूची लंका रचवितो आणि हनुमंताच्या शेपटीने ती पेटवून देतो, असे महादजी शिंद्यांनी सवाई माधवरावांस सांगितले. पेशव्यांना ते कौतुक डोळ्यांनी पाहण्याची इच्छा झाली, आणि तशीच लंका पर्वतीच्या परिसरात जळाली. या हकिकतीतील ‘नगराबाहेर’ हा तपशील मला फार मोलाचा वाटतो. सोरा, गंधक आणि कोळसा यांचे प्रमाण ज्याला ठाऊक असे, त्या कारागिराला प्रेक्षक किती दूर बसवावयाचे हेही ठाऊक असे. दोन्ही ज्ञाने एकाच मस्तकात नांदत. आज दारू भरणारे हात दूर शिवकाशीत राबतात, वात पेटविणारा हात कुर्ल्याच्या गल्लीत असतो, आणि अंतराचे ज्ञान या दोहोंच्या मध्ये कोठेतरी गहाळ झालेले आहे.

कुर्ल्याला मात्र अंतर पाळणाऱ्या एका फटाक्याचा शेजार आहे. मध्य आणि हार्बर या दोन्ही मार्गांच्या या जंक्शनातून अहोरात्र गाड्या धावतात, आणि रेल्वेच्या साहित्यात रुळावर बसविण्याचे चपटे डबीवजा फटाके असतात. गाडी मध्येच अडली आणि मार्ग धोक्यात आला की गार्डाने मागे चालत जाऊन सहाशे मीटरांवर एक आणि बाराशे मीटरांवर, एकमेकांपासून दहा-दहा मीटर सोडून, तीन फटाके रुळावर बसवावेत, असा ब्रॉडगेज मार्गाचा सर्वसाधारण नियम आहे. चाकाखाली तो फुटला की मागून येणाऱ्या चालकाला कळते की पुढे माणसे आहेत. शोभा शून्य, रंग नाही, परंतु त्याचा आवाज संपूर्णपणे दुसऱ्यासाठी आहे. सुतळी बॉम्बाच्या आवाजातही शोभा शून्यच असते; आणि तो मात्र मी येथे आहे एवढेच ओरडून सांगतो. वास्तविक दारूकामाचे सारे सौंदर्य प्रकाशात आहे. स्ट्रॉन्शियमने लाल, बेरियमने हिरवा, सोडियमने पिवळा आणि तांब्याच्या क्षारांनी निळा रंग साधावयाचा, आणि त्यांतही निर्भेळ निळा साधणे सर्वांत दुष्कर, ही त्या शास्त्राची खरी परीक्षा. ज्या कलेत निळ्या रंगासाठी पिढ्या खर्ची पडल्या, तिच्या नावावर नुसता धमाका विकणे हा मला त्या कारागिरांचाच अवमान वाटतो.

न्यायालयांनी या प्रकरणी कसूर केलेली नाही. १८ जुलै २००५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने रात्री दहा ते सकाळी सहा या वेळात आवाजी फटाक्यांना मनाई केली. त्यानंतर आठच दिवसांनी मिठी नदी कुर्ल्याच्या घराघरांत शिरली, तेव्हा येथील रहिवाशांना त्या निकालाचा विचार करण्याची उसंत मिळाली नसावी. २०१८ साली त्याच न्यायालयाने दिवाळीला रात्री आठ ते दहा हे दोनच तास ठेवले, माळा आणि बेरियमचे क्षार वर्ज्य ठरविले आणि कमी प्रदूषण करणाऱ्या ‘हरित’ फटाक्यांचा आग्रह धरला, ज्यांची कृती नागपूरच्या ‘नीरी’ या संस्थेच्या शास्त्रज्ञांनी सिद्ध केली. पुढे २०२३ साली हवा बिघडली तेव्हा मुंबई उच्च न्यायालयानेही याच दोन तासांवर बोट ठेवले. परंतु हे सारे हुकूम मुख्यत्वे घड्याळाचे आहेत. आणि घड्याळ सर्वांकडे सारखेच असले तरी भूमी तशी नाही. ज्यांच्या वसाहतीला प्रशस्त आवार आहे त्यांना चार मीटरच काय, चाळीस मीटरही सहज सापडतात, आणि अशा आवारातील गच्चीवर उभे राहून कुर्ल्याच्या पोराला संयमाचे धडे देणे फारसे कठीण नाही. ते पोर बेजबाबदार नसते. त्याला अंतर कोणी दिलेलेच नसते. मात्र त्याच गल्लीत पाळण्यात दचकणारे अर्भक आहे आणि दम्याने धापणारी आजी आहे, आणि त्यांनाही ते कोणी दिलेले नाही.

म्हणून २०१८ च्या त्याच निकालातील एक सूचना, जिची वासलात फाइलींत लागली असावी असे वाटते, मला सर्वांत न्याय्य वाटते: ठरावीक मैदाने आधी जाहीर करून तेथेच सामुदायिक आतषबाजी करता येईल का, हे पाहावे. रुग्णालयापासून शंभर मीटरांचा शांतता-परिसर वगळून कुर्ल्यात असे एखादे मैदान शोधणे महापालिकेच्या प्रभाग कार्यालयाला अगदीच अशक्य नाही. अडचण निराळी आहे. फटाक्याच्या बाबतीत मुलाला पाहावयाचे नसते, लावावयाचे असते. वात पेटली आणि आपण वेळेत मागे सरलो, या क्षणातच त्याचा सारा आनंद सामावलेला असतो, आणि नुसते पाहुणे म्हणून त्याला मैदानाच्या दोरीबाहेर उभे केले तर पुढच्या वर्षी ते पुन्हा गल्लीतच येईल. तेव्हा परवानाधारक दारूकारागिराच्या शेजारी वस्तीतल्या चार मोठ्या मुलांना उभे करावे, लहानग्यांना फुलबाज्या द्याव्यात, आणि वात कितीची कापली म्हणजे किती पावले मागे सरावयाचे, हे त्यांना त्याच्याकडून शिकू द्यावे.